दुसरं बोचकं

डोळे मिटू नकोस, उघडेच ठेव आणि असं समज की तुझे पाय एका लहानशा स्टेशनच्या फलाटावर आहेत. समोर रेल्वेच्या दोन लाइनी. अलीकडच्या लाइनीवरून गाड्या पुण्याकडे जातात, पलीकडच्या लाइनीवरून लोणावळ्याकडे. पलीकडे दुसरा फलाट, आणि दोन्ही फलाटांना जोडणारा एक पूल. सकाळची वेळ आहे. तुझे दोन्ही हात पुढे पसरलेले आहेत. लोकल येते, थांबते, दार बरोबर तुझ्यापुढे येतं आणि कुणीतरी तुझ्या हातांवर एक बोचकं ठेवतं. आता सांग, तू आधी काय करशील?

बोचक्यात काय आहे ते बघशील? छे. आधी धरशील. बघायचं नंतर सुचतं.

कासारवाडीच्या स्वरूपाचं नेमकं असंच झालं.

स्वरूपा सहावीत होती. तिचं घर जुन्या गावठाणात, स्टेशनपासून दहा मिनिटांवर. त्या घराची पूर्वी शेती होती. आता त्या शेतात सात-सात मजल्यांच्या सोसायट्या आहेत. तिच्या आजोबांनी, म्हणजे नानासाहेबांनी, दोन म्हशी मात्र अजून सोडल्या नव्हत्या. दोन सोसायट्यांच्या भिंतींमध्ये त्यांचा गोठा होता. वरच्या गॅलरीतले लोक वासाची तक्रार करायचे आणि खाली येऊन दूधही न्यायचे.

स्वरूपाची आई विजयश्री घरीच पोळी-भाजी केंद्र चालवायची. कंपन्यांत कामाला आलेली, खोल्या करून राहणारी मुलं डबे न्यायची. भाजीसाठी पालेभाजी यायची ती गोजाबाईंकडून. गोजाबाई कान्ह्याच्या. पहाटे मळ्यातली मेथी, चाकवत, अंबाडी तोडायची, जुन्या लुगड्यात बांधायची आणि सकाळच्या लोकलने खडकीच्या बाजारात न्यायची, असा त्यांचा नेम होता. वाटेत कासारवाडीला एक बोचकं स्वरूपाच्या हातात द्यायचं आणि स्वतः पुढे जायचं.

आता या लाइनीवरची एक रीत तुला माहीत हवी. लोकल थांबते जेमतेम अर्धा मिनिट. दारात चढणाऱ्यांची आणि उतरणाऱ्यांची एकच झुंबड. त्यात डोक्यावर बोचकं घेऊन उतरायला गेलं तर बाई एकीकडे आणि बोचकं दुसरीकडे. म्हणून भाजीवाल्या बायका बोचकं आधी बाहेर देतात, फलाटावर जो उभा असेल त्याच्या हातात. ओळख असो वा नसो. मग मोकळ्या हातांनी उतरतात. आणि देताना विचारतात, "धरलंस का?" समोरच्याने "धरलं" म्हटल्याशिवाय हात सोडायचा नाही.

पहिल्याच आठवड्यात स्वरूपा नुसतीच "धरलं" म्हणाली होती, लक्ष दुसरीकडे ठेवून. मेथी गाडी आणि फलाट यांच्यामधल्या फटीतून खाली गेली. दुसऱ्या दिवशी गोजाबाई दारातूनच म्हणाल्या, "पोरी, त्वांडानं धरू नगंस. हातानं धर, मग त्वांडानं सांग." सगळा लेडीज डबा हसला होता. स्वरूपाचे कान दिवसभर गरम होते. तेव्हापासून तिचं "धरलं" म्हणजे धरलंच.

आणि आणखी एक गोष्ट, महिन्याभरापूर्वीची. नानांची मैना म्हैस व्याली होती. तिसऱ्या दिवशी तिला रस्त्यापलीकडच्या मोकळ्या जागेत न्यायचं होतं. मैना रस्त्याच्या मधोमध आली आणि थांबली. एका बाजूला कंपनीच्या तीन बसगाड्या, दुसऱ्या बाजूला शाळेची व्हॅन, सगळ्यांचे भोंगे. स्वरूपाने दोर ओढला, ओरडली, हात हलवले, शेवटी रडकुंडीला आली. मैना ढिम्म.

नाना गोठ्यातून रेडकू उचलून घेऊन आले. म्हशीकडे त्यांनी बघितलंही नाही. तिच्या नाकासमोरून रेडकू नेलं आणि सरळ चालत सुटले. मैना रेकली आणि मागोमाग निघाली, वाटेत एका बसच्या आरशाला शिंगाची टिचकी मारून.

"वढून म्हस येती व्हय गं?" नाना पलीकडे पोचल्यावर म्हणाले. "आन् वरडून? ती आत्ता आपलं ऐकती व्हय? तिचं काळीज रेडकापाशी. ते घेऊन म्होरं चालायचं. आन् मागं वळून बघायचं न्हाई. आपुन थांबलो की ती बी थांबती, जिथं आसंल तिथं."

"आणि नाही आली तर?"

"येती," नाना म्हणाले आणि रेडकाच्या अंगावरची धूळ झटकू लागले.

तर त्या सोमवारी लोकल आली. लेडीज डब्याचं दार स्वरूपासमोर थांबलं. गोजाबाई दारात होत्याच.

"धरलंस का?"

"धरलं, आजी."

मेथीचं बोचकं तिने पायाशी ठेवलं आणि पुन्हा हात पुढे केले. कधीकधी गोजाबाईंकडे दुसरं, लहान बोचकं असायचं, कोथिंबीर-कढीपत्त्याचं. गोजाबाई आत वळल्या होत्या, आपली बाकीची बोचकी सांभाळायला. तेवढ्यात दुसरं बोचकं आलं. गोधडीच्या तुकड्यात गुंडाळलेलं, वर गाठ. देणारे हात गोजाबाईंचे नव्हते. कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या, तरुण हात. आवाजही निराळा.

"धरलंस का गं?"

"धरलं," स्वरूपा म्हणाली. सवयीने.

ते हात सुटले.

पालेभाजीचं बोचकं नेहमी गार असतं. पहाटेचं दव त्यातून झिरपून कोपराला ओल लागते. हे बोचकं गरम होतं. आणि मग ते हललं. गोधडीच्या घडीतून एक मूठ बाहेर आली, लिंबाएवढी, आणि तिने स्वरूपाच्या शर्टाचं बटण पकडलं.

पुढचं सगळं एवढ्या वेळात झालं, जेवढा तुला हे वाक्य वाचायला लागतो. चढणाऱ्या बायकांचा लोंढा दारात घुसला. त्यांच्यामधून पिवळं लुगडं नेसलेल्या एका बाईने एक पाय बाहेर टाकला. गाडी हलली. आतून कुणीतरी तिला पदराला धरून मागे खेचलं. पाय आत गेला, चप्पल बाहेर पडली. "माझं..." एवढाच एक शब्द आला. मग दार सरकलं, मागचा डबा आला, त्याच्या मागचा आला, आणि मग नुसते रूळ.

स्वरूपा जागच्या जागी उभी राहिली. तिला वाटलं, आपले पाय फलाटात रुतलेत. कानात घूं आवाज येत होता. ओरडावं असं वाटत होतं, पण तोंड उघडलं तरी आवाज कुठून काढतात तेच आठवेना. पायाशी मेथी, हातांत बाळ, दोन पावलांवर एक चप्पल. सगळं जग या तीन वस्तूंएवढं झालं होतं.

पुढे कळलेली गोष्ट तुला आत्ताच सांगितलेली बरी, म्हणजे तू त्या बाईला नावं ठेवणार नाहीस. तिचं नाव जयमाला. परभणीकडची. नवऱ्याला तळेगावच्या एका कंपनीत काम लागलं म्हणून दोन महिन्यांपूर्वी इकडे आलेली. लोकलमध्ये एकटी बसण्याची तिची ही पहिलीच वेळ. कासारवाडीला बहिणीकडे निघाली होती. देहूरोडला तिने पाहिलं, बायकांनी बोचकी आधी दिली, मग त्या उतरल्या. आकुर्डीला तेच, चिंचवडला तेच. गर्दीत बाळ चेंगरेल याची तिला धास्ती होती. तिला वाटलं, इथली रीतच अशी दिसते, आणि रीत चांगली आहे. तिने अगदी बरोबर रीत पाळली. विचारलंसुद्धा. उत्तर आल्यावरच हात सोडला. फक्त बोचकं मागे राहिलं तर दुपारी आणता येतं, बाळाचं तसं नसतं, हे तिच्या ध्यानात आलं नाही.

पण स्वरूपाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिला एकच गोष्ट ठाऊक होती : आपण "धरलं" म्हणालो, म्हणून तिने सोडलं.

"काय झालं गं? कुणाचं बाळ ते?"

विचारणारा निरंजन होता. भोसरीच्या एका कारखान्यात कामाला जाणारा तरुण, कंपनीचा निळा शर्ट, पायात जड बूट. तो याच लोकलमधून उतरला होता. स्वरूपाने त्याच्याकडे पाहिलं, पण उत्तर दिलं ते दुसऱ्याच प्रश्नाचं.

"मी धरलं म्हणाले," ती म्हणाली.

हळूहळू माणसं जमली. विमलबाई पुलाच्या जिन्याकडून धावत आल्या. त्या संत तुकाराम नगरमध्ये चार घरी स्वयंपाक करायच्या, रोज याच वेळी स्टेशन ओलांडायच्या. बाकावर रोज सकाळी पेपर वाचत बसणारे कोंडीराम चष्मा कपाळावर चढवून उठले. झालं ते स्वरूपाने तुटक तुटक सांगितलं. तिकीट खिडकीतला माणूस बाहेर आला, त्याने ऐकलं आणि "पुढच्या स्टेशनला कळवतो, पोलिसांनाही सांगतो, तोवर इथंच थांबा," म्हणून आत पळाला.

कोंडीरामांनी घसा साफ केला. "यात कळवण्यासारखं काय आहे? टाकून गेली. पोरगी असणार, बघा."

टाकून गेली. बाळाला टाकतात? मेथीची पिवळी पानं टाकतात तसं? आणि पोरगी असेल म्हणून? स्वरूपा स्वतः पोरगीच होती. तिने कोंडीरामांकडे असं पाहिलं की ते जरा मागे सरकले.

"अहो कोंडीराम," विमलबाई म्हणाल्या, "टाकायचीच असती तर घरापाशी टाकली असती. तिकीट काढून, गर्दीत मरत मरत, कासारवाडीपर्यंत कशाला आणेल? तुम्हाला पेपरातलं सगळं कळतं, समोरचं काही कळत नाही."

"मी आपलं जगात चालतं ते सांगतो."

"काका, जरा गप बसा राव," निरंजन म्हणाला.

"तिने विचारलं होतं," स्वरूपा म्हणाली. आता तिला आवाज सापडला होता, पण तो कापत होता. "धरलंस का, असं विचारलं. टाकणारं माणूस असं विचारतं का? आणि ती बघा चप्पल. ती उतरत होती. तिचा पाय बाहेर आला होता."

सगळ्यांनी चपलेकडे पाहिलं. साधी रबरी चप्पल, अंगठ्यापाशी झिजलेली, पट्ट्याला सेफ्टी पिन लावलेली. निरंजन ती उचलायला वाकला.

"राहू दे, दादा. तिथंच राहू दे." का, ते तिला सांगता आलं नसतं. ती बाई इथे होती याची तेवढीच एक खूण होती.

निरंजन सरळ झाला. "बरं. आपण असं करू. मी रिक्षा बघतो. बाळ घेऊन दापोडीला जाऊ. पुढचं स्टेशन तेच ना? ती तिथंच उतरली असणार."

ऐकायला हे शहाणपणाचं होतं. विमलबाईंनीही मान हलवली. स्वरूपाने मात्र विचार केला, आणि तूही कर. ती बाई दापोडीला उतरली, तर तिथे बसून राहील का? ती इकडे येईल. ती इकडे येणार आणि आपण तिकडे जाणार. ती रस्त्याने आली की रेल्वेने, कुणाला ठाऊक? मग ती कुठे शोधेल?

"नको," स्वरूपा म्हणाली. "तिने इथं दिलंय. ती इथंच येणार."

"आणि नाही आली तर?" कोंडीरामांनी विचारलं.

स्वरूपाने गोधडीची घडी सारखी केली. मग ती म्हणाली, "येते."

बाळ रडू लागलं. आधी कुरकुर, मग चेहरा लाल आणि आवाज पार दुसऱ्या फलाटापर्यंत. विमलबाईंनी हात पुढे केले. "दे इकडे. चार वाढवलीत मी. तुझे हात बघ, कसे थरथरतायत."

देऊन टाकावं असं स्वरूपाला फार वाटलं. इतकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. तरी तिने मान हलवली.

"मी धरलं म्हणालेय, मावशी."

विमलबाईंनी आपले हात बाळाकडून स्वरूपाच्या हातांकडे वळवले. "असं असेल तर नीट तरी धर. मानेखाली पंजा घाल. हां. आता उभं कर, खांद्याशी. पाठीवर थोपट. अगं थोपट, टिपरी नको वाजवूस." त्यांनी गाठ सैल केली, गोधडी मोकळी केली. आत टोपडं घातलेलं पाच-सहा महिन्यांचं बाळ होतं. काजळाचा टिळा गालावर फिसकटलेला. "बघा, कोंडीराम. टाकायच्या लेकराला कुणी तीट लावतं का?"

कोंडीरामांनी आपला पेपर उघडला आणि बाळाच्या डोक्यावर ऊन येत होतं तिथे आडवा धरला.

निरंजनने स्वरूपाच्या आईला दोनदा फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. या वेळी आईचे दोन्ही हात कणकेत असतात, स्वरूपाला माहीत होतं. निरंजनची कारखान्यात पोचायची वेळ केव्हाच टळली होती. तो घड्याळ बघायचा आणि पुन्हा खिशात हात घालून उभा राहायचा.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. स्वरूपाला ती वर्षभराएवढी वाटली. बाळ आता हुंदके देत तिच्या वेणीचं टोक चघळत होतं. तिचा धक्का काही उतरला नव्हता. मध्येच तिच्या मनात यायचं, हे खरंच घडतंय? आत्ता मी घरी मेथी निवडत असायला हवं होतं. मग बाळ हलायचं, आणि खरंच घडतंय हे पुन्हा पहिल्यापासून कळायचं.

वीसएक मिनिटांनी पलीकडच्या फलाटावर लोणावळ्याकडे जाणारी लोकल आली. या फलाटावरून तिचे डबे तेवढे दिसत होते. कोण उतरलं, कोण चढलं, काही नाही. त्याच वेळी कर्ण्यावर घोषणा झाली : या फलाटावरून न थांबणारी गाडी जाणार आहे, कडेपासून दूर राहा. सगळे दोन पावलं मागे सरले. पलीकडची लोकल हलली, पिंपरीच्या दिशेने सरकू लागली. एकेक डबा पुढे गेला. शेवटचा डबा गेला आणि पडदा बाजूला व्हावा तसा पलीकडचा फलाट उघडा पडला.

तिथे ती होती.

पिवळं लुगडं. केस सुटलेले. एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी. ती फलाटाच्या अगदी कडेला येऊन उभी होती आणि तिचे डोळे फलाटावरून भिरभिरत स्वरूपापाशी आले, बाळापाशी आले, आणि थांबले.

"तीच!" विमलबाई किंचाळल्या. "अगं, पुलावरून ये! पुलावरून!" त्या दोन्ही हातांनी पुलाकडे खुणा करू लागल्या. निरंजन हात वर करून नाचवू लागला, "थांबा! थांबा!" कोंडीराम पेपर हलवत होते. या बाजूने प्रत्येक हात वेगळं काहीतरी सांगत होता. पण तू क्षणभर पलीकडे जाऊन उभा राहा आणि तिच्या डोळ्यांनी बघ. तिथून सगळे हात एकच सांगत होते : ये, ये, लवकर ये.

जयमाला खाली बसली. फलाटाची कड तिने हातांनी पकडली आणि अनवाणी पाय रुळांकडे सोडला.

त्याच वेळी पिंपरीच्या बाजूने भोंगा आला. लांब, न थांबणारा. स्वरूपाने मान वळवली. अलीकडच्या लाइनीवर, तिच्याच फलाटाच्या लाइनीवर, एक्सप्रेसचा दिवा दिसत होता. जयमालाला तो दिसणं शक्य नव्हतं. नुकतीच सुटलेली लोकल तिच्या आणि त्या दिव्याच्या मध्ये होती, आणि तिच्याच खडखडाटात भोंगाही बुडाला होता. तिच्या हिशेबी गाडी येऊन गेली होती. लाइन मोकळी होती. मधे फक्त दहा-बारा पावलं, आणि पलीकडे तिचं लेकरू.

"थांब! थांब गं!" सगळा फलाट ओरडत होता. जयमालाने दुसरा पायही खाली सोडला. तिचा चेहरा काहीच ऐकू येत नसल्यासारखा होता.

हा चेहरा स्वरूपाने पाहिला होता. रस्त्याच्या मधोमध. तीन बसगाड्यांचे भोंगे वाजत असताना.

वरडून ती आत्ता आपलं ऐकती व्हय?

स्वरूपाने बाळाच्या मानेखाली पंजा घट्ट केला. मेथीचं बोचकं ओलांडलं. जयमालाकडे पाठ फिरवली आणि ती पळत सुटली.

"अगं कुठं पळतेस बाळ घेऊन!" विमलबाईंचा आवाज फाटला.

"धरा तिला! पोरगी बाळ घेऊन पळाली!" हे कोंडीराम. कुणीतरी तिचा दंड पकडायला हात टाकला, तो निसटला. निरंजन आडवा आला, त्याने तिचं तोंड पाहिलं, मग तिच्यापुढचा पूल पाहिला, आणि तो झटकन बाजूला झाला.

पूल फलाटाच्या टोकाला होता, दापोडीच्या अंगाला. स्वरूपा पळत होती. मागे वळून बघावं असं प्रत्येक पावलाला वाटत होतं. ती उठली का? की खाली उतरली? की आता रुळांमध्ये आहे? मागं बघायचं न्हाई. आपुन थांबलो की ती बी थांबती, जिथं आसंल तिथं. स्वरूपाने डोळे पुलाच्या पहिल्या पायरीवर खिळवले.

आणि डोळ्याच्या कोपऱ्यात, लाइनींच्या पलीकडे, काहीतरी पिवळं हललं. तिच्याबरोबरीने. पलीकडच्या फलाटावरून, तिच्याच दिशेने, तिच्याच वेगाने.

मग एक्सप्रेस आली. वारा अंगावर आदळला, वेणी तोंडावर आली, बाळाने श्वास रोखला आणि मग टाहो फोडला. डब्यांमागून डबे धाडधाड जात राहिले आणि पिवळं दिसेनासं झालं. स्वरूपा थांबली नाही. पहिली पायरी, दुसरी, दहावी. बाळ जड झालं होतं. तिने ते छातीशी आणखी ओढलं. वीस, एकवीस. पुलावर आली तेव्हा खालून शेवटचा डबा जात होता.

आवाज विरला. आता तिला दुसरा आवाज ऐकू आला. पलीकडच्या जिन्यावरून कुणीतरी वर येत होतं. एक पाऊल फट् वाजत होतं, चपलेचं. एक वाजतच नव्हतं. फट्, आणि मग काही नाही. फट्, आणि मग काही नाही.

पुलाच्या मधोमध जयमाला तिच्यासमोर येऊन उभी राहिली. "माय... माझी माय..." एवढंच, श्वासांच्या मधून. गुडघे आणि तळवे फलाटाच्या कडेला खरचटून लाल झाले होते. तिने हात पुढे केले. हिरव्या बांगड्यांमधल्या अर्ध्या फुटल्या होत्या, आणि ते हात स्वरूपाच्या हातांपेक्षाही जास्त थरथरत होते.

स्वरूपाने बाळ त्या हातांवर ठेवलं. मानेखाली एक पंजा, पाठीखाली एक, विमलबाईंनी शिकवलं तसं. पण स्वतःचे हात मात्र तिने काढले नाहीत. ती जयमालाच्या डोळ्यांत बघत राहिली.

"धरलंत का?" तिने विचारलं, आणि उत्तराची वाट पाहत तशीच धरून उभी राहिली.